टप उडवला, पुढे काय?

मोटार प्रदर्शनांच्या मोसमात एक प्रसंग ठरलेला असतो. फिरत्या चबुतऱ्यावर, झगझगीत दिव्यांखाली, दोन सीटची एक इवलीशी बिनटपाची गाडी अवतरते. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून दोन तट पडलेले असतात. एक तट म्हणतो, ही निव्वळ धूळफेक आहे. ही गाडी रस्त्यावर कधीच येणार नाही, कंपनीला फोटो हवे होते, ते मिळाले. दुसरा म्हणतो, जशी आहे तशीच बनवा, एक रेघही हलवू नका. कारखान्यातल्या हिशेबनिसांचा हात लागला की सगळं मातीत जाईल. दोघं तावातावाने भांडतात आणि गंमत म्हणजे दोघंही एकच प्रश्न विचारत असतात: ही बनणार का?

माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकतोय. कन्सेप्ट कार, म्हणजे नवी कल्पना मांडण्यासाठी केलेला असा नमुना, पुढे विक्रीसाठी बनली की नाही यावरून तिचं मोल ठरत नाही. टप काढून टाकण्यात काही मोठी करामत नाही, हातात करवत असली की कुणालाही जमतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. टप गेल्यावर गाडी ताठ कशी राहते, पाऊस आला की काय होतं, माणूस आत शिरतो कसा, आणि एवढं सगळं सांभाळून ती लहान आणि हलकी कशी राहते? याची उत्तरं त्या गाडीत असतील तर तिच्यासारखी एकही गाडी कारखान्यातून बाहेर न पडली तरी चालेल, तिचं काम झालं. उत्तरं नसतील तर हजारो गाड्या विकल्या गेल्या तरी तो चाकांवरचा पुतळाच.

एका प्रदर्शनात अशाच एका गाडीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो होतो. लांबी जेमतेम साडेतीन मीटर, चाकं मात्र दणकट एसयूव्हीला शोभतील अशी. सीटवर मखमलीसारखं कापड. साइड मिररच्या जागी दोन बारीक काड्या. तिथल्या माणसाला मी विचारलं, टप दुमडून जातो कुठे? तो नुसता हसला. म्हणून मी वाकून डिकीच्या झाकणाच्या फटीवरून नख फिरवलं. फट नव्हतीच. झाकण असल्याचा भास व्हावा म्हणून रंगाखाली कोरलेली ती एक रेघ होती. टप नव्हता, टपाची जागा नव्हती, डिकीही नव्हती. मला राग आला तो ती गाडी बनणार नाही म्हणून नव्हे. तिच्यात कुणी विचारच केला नव्हता, म्हणून.

आता विरोधकांचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत, ते आधी मान्य करतो. कन्सेप्ट कार हे जाहिरातीचं साधन आहे, यात शंका नाही. फोक्सवॅगनने २००९ साली डेट्रॉइटला ब्लूस्पोर्ट नावाची मध्ये इंजिन असलेली छोटी डिझेल रोडस्टर (दोन सीटची उघडी गाडी) दाखवली. आखीव-रेखीव, अगदी बनवण्याजोगी दिसणारी. लोकांनी वाट पाहिली, ती आली नाही. अशी उदाहरणं साठली की माणसाचा विश्वास उडणारच. दुसरा मुद्दा उपयोगाचा. दोनच सीट, सामानाला जागा नाही, गाडी उलटली तर डोक्यावर काही नाही. जगभर लोक उंच आणि प्रशस्त गाड्या घेत असताना हुशार डिझायनरांनी या खेळण्यापायी वर्ष-वर्ष का घालवावं? तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो: आजचे सुरक्षेचे नियम आणि आजच्या बॅटऱ्या यांच्या ओझ्याखाली लहान, हलकी, उघडी गाडी शक्यच उरलेली नाही, मग तिची चित्रं काढणं म्हणजे आठवणींचा धंदा.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. कन्सेप्ट म्हणजे वचन, हे आपण कधी ठरवलं? पहिली कन्सेप्ट कार म्हणून जिचं नाव सर्रास घेतलं जातं, ती १९३८ सालची ब्यूइक वाय-जॉब. तीही उघडीच होती (लहान मात्र मुळीच नव्हती). जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल याने ती काढली. दडवता येणारे हेडलाइट, विजेवर चालणाऱ्या काचा, दुमडून झाकणाखाली गायब होणारा टप, अशी तिची मांडणी होती. ती विक्रीला कधीच आली नाही. पण तिच्यातल्या गोष्टी पुढे वेगवेगळ्या गाड्यांमध्ये झिरपत गेल्या आणि अर्ल स्वतः ती गाडी अनेक वर्षं रोजच्या वापरात चालवत होता. हिला कुणी फसवणूक म्हणेल का? ती एक मांडलेली बाजू होती. बाजू मांडणाऱ्याला आपण ‘सिद्ध कर’ म्हणतो, ‘विकायला आण’ म्हणत नाही.

छोट्या उघड्या गाडीपुरतं बोलायचं तर १९६९ सालची ऑटोबियांकी रनअबाउट हे माझं सर्वांत आवडतं उदाहरण आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. बेर्तोनेच्या स्टुडिओत मार्चेल्लो गान्दिनीने ती काढली आणि तुरीनच्या प्रदर्शनात ती मांडली गेली. बघणाऱ्याला दिसायचं ते एवढंच: पाचरीसारखं नाक, स्पीडबोटीसारखा कापलेला माथा, दारं नाहीत, नावापुरती बुटकी काच, आणि सीटमागच्या आडव्या कमानीच्या दोन्ही टोकांना बसवलेले हेडलाइट. हेडलाइट आणि तिथे! वेडेपणाच की. पण त्या वेडेपणाच्या खाली एक कमालीचा शहाणा विचार होता. त्याच सुमाराला फियाटच्या लहान गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं आडवं गाठोडं पुढे बसवून पुढची चाकं फिरवायची पद्धत रुळत होती. गान्दिनीच्या गाडीने सुचवलं की हेच स्वस्त, तयार गाठोडं उचला आणि सीटच्या मागे ठेवा. मध्ये इंजिन असलेली स्पोर्ट्स कार, जी तोवर श्रीमंतांची मिरास होती, ती सामान्य गाडीच्या सुट्या भागांतून उभी राहते.

तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, फियाट एक्स-वन-नाइन आली ती याच विचारावर. कमानीवरचे हेडलाइट गेले, नाकात दडणारे आले. दारं आली, पूर्ण उंचीची काच आली. ‘जशीच्या तशी बनवा’ म्हणणाऱ्या तटाला इथे रडू यायला हवं. पण कमान राहिली, आणि ती आता गाडी उलटल्यावर डोकं वाचवणारी कमान झाली. अमेरिकेत येऊ घातलेल्या कडक नियमांचा अंदाज घेऊन ती मजबूत केली होती. टप म्हणजे हाताने उचलून काढायचा एक टणक तुकडा. तो कुठे जातो? पुढच्या डिकीत, सपाट. मागे इंजिनाच्या पलीकडे आणखी एक डिकी. या गाडीच्या दीड लाखाहून अधिक प्रती निघाल्या आणि ती १९८९ पर्यंत बनत राहिली. रनअबाउटमधलं दिसणारं जवळजवळ सगळं टाकून दिलं आणि न दिसणारं सगळं ठेवलं. कन्सेप्ट यशस्वी होणं म्हणजे हेच ना?

याच्या उलट टोकाला स्मार्ट क्रॉसब्लेड आहे. २००१ साली जिनिव्हाला कन्सेप्ट म्हणून दिसली आणि पुढच्याच वर्षी जवळपास जशीच्या तशी विक्रीला आली. टप नाही, पुढची काच नाही, दाराच्या जागी एक आडवा दांडा. दोन हजार गाड्यांची मर्यादा. एक रेघही न हलवता बनलेली गाडी हवी होती ना, ही घ्या! पण तिने कोणता प्रश्न सोडवला? पाऊस आला तर काय, याला तिचं उत्तर होतं: भिजा. मला ती गाडी बघायला आवडते, खोटं कशाला बोलू. पण तिच्यातून पुढच्या गाडीला घेण्यासारखं काही निघालं नाही. चित्राशी इमान राखणं कधी धोक्याचंही ठरतं. ऑडी टीटी १९९५ च्या कन्सेप्टशी कमालीचं इमान राखून १९९८ मध्ये बाजारात आली. ती गोलाई सगळ्यांना हवी होती. मग भरधाव वेगात गाडी हाताबाहेर गेल्याचे अपघात झाले, आणि कंपनीला मागाहून डिकीवर छोटा पंख, बदललेलं सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा द्यावी लागली. वाऱ्याला चित्राची भीड नसते.

पोर्शे बॉक्स्टरबद्दल अजून हळहळणारे लोक भेटतात. १९९३ ची कन्सेप्ट आटोपशीर होती. १९९६ ची गाडी पोर्शेच्याच नव्या ९११ सोबत पुढचा भाग आणि दारं वाटून घेत थोराड होऊन आली. हळहळ मला समजते. पण त्याच वाटणीमुळे दोन्ही गाड्यांचा खर्च आवाक्यात राहिला, आणि ते दिवस कंपनीच्या हलाखीचे होते. ज्यांना आपण तुच्छतेने हिशेबनीस म्हणतो, त्यांनी त्या वेळी गाडीच नव्हे, गाडी काढणाराही वाचवला.

उपयोगाचा मुद्दा. उघडी गाडी हे श्रीमंतांचं खेळणं, हा समज इतका पक्का झालाय की इतिहास उलटा आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. १९४८ च्या सित्रोएन टू-सीव्हीला कापडी टप होता तो मौजेसाठी नव्हता. कापड पत्र्यापेक्षा हलकं आणि स्वस्त, शिवाय गुंडाळून बाजूला केलं की उंच सामान उभं राहतं. १९५७ ची फियाट ५००, दान्ते जाकोसाची, तिलाही गुंडाळता येणारा टप होता. पत्रा वाचला आणि मागच्या ४७९ सीसीच्या इंजिनाचा गोंगाट डोक्यावरून निघून जायला वाट मिळाली. १९६८ ची सित्रोएन मेहारी तर प्लॅस्टिकच्या अंगाची. रंग वरून मारलेला नसून प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला, त्यामुळे ओरखडा आला तरी खालून पत्रा डोकावत नाही. चिखल झाला तर आतून पाणी मारून धुऊन घ्या. ही तिन्ही वाहनं काटकसरीतून उघडी झाली होती. मग आजची छोटी उघडी कन्सेप्ट चैनीची वाटत असेल, तर दोष उघडेपणाचा नाही. मखमल आणि भलीमोठी चाकं लावणाऱ्याचा आहे.

चाकांवरून आठवलं. छोट्या गाडीचा कन्सेप्ट प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे: चाकं बघायची. पहिल्या माझदा एमएक्स-५ ला १४ इंची चाकं होती. १९९१ च्या होंडा बीटला पुढे १३ आणि मागे १४. लहान चाक हलकं असतं, खड्ड्यावरून चटकन वर-खाली होतं, आणि एवढ्याशा गाडीत स्टिअरिंगला जी जान येते ती बरीचशी इथून येते. चित्रात मात्र मोठं चाक गाडीला रुबाबदार करतं, म्हणून प्रत्येक जण ते काढतो. ज्या डिझायनरने लहान चाकावरही देखणी दिसेल अशी गाडी काढली, त्याला मी डोळे झाकून मार्क देईन.

आता तो गंभीर मुद्दा, वजनाचा आणि नियमांचा. बुटांच्या खोक्याचं झाकण काढा आणि दोन्ही टोकं धरून पिळा. टप गेल्यावर गाडीचं काय होतं ते हातालाच कळेल. मित्राच्या जुन्या उघड्या गाडीतून उखडलेल्या डांबरावरून जाताना मी हे अनुभवलंय. आरशातला मागचा ट्रक थरथरत असतो. डॅशबोर्ड एका तालात हलतो, स्टिअरिंग दुसऱ्या. दार आणि अंग यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवलं तर फट बारीक-मोठी होताना बोटाला जाणवते. वाराही समोरून लागत नाही. काचेवरून उडी मारून तो सीटमागच्या पोकळीत वळसा घेतो आणि मागून मानेवर येतो. हे सगळं टाळायचं तर खालून पत्रे जोडा, दारांखालचे उंबरठे जाड करा, आडव्या पट्ट्या टाका. टप काढून जे वजन वाचलं त्याहून जास्त परत चढतं. म्हणून उघडी गाडी बंद गाडीपेक्षा सहसा जडच भरते. यावर वाद नाही.

पण यावर उत्तरं निघाली आहेत, आणि ती गाडीच्या रूपातच निघाली आहेत. १९९६ ची लोटस एलिस घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या वेल्डिंगऐवजी चिकटवून तिची चासी, म्हणजे सांगाडा, केली. चासीचं वजन ६८ किलो, अख्ख्या गाडीचं ७२५. ताठपणा आला तो दोन्ही बाजूंच्या जाडजूड, उंच उंबरठ्यांतून. त्यामुळे आत शिरणं ही छोटीशी कसरत होऊन बसली. पण ज्युलियन थॉमसनने काढलेलं तिचं रूप हा उंबरठा लपवत नाही, गाडीची चण त्याच्याभोवतीच बेतलेली आहे. दुसरं टोक जपानच्या केई गाड्यांचं, म्हणजे नियमाने आकार आणि इंजिन बांधून दिलेल्या इवल्या गाड्यांचं. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८, इंजिन ६६० सीसी, ताकद ६४ अश्वशक्तीच्या आत. एवढ्या चौकटीत सुझुकी कॅपुचिनोने टपाचे तीन तुकडे केले, हवे तेवढे काढा, डिकीत ठेवा. होंडा एस-६६० ही २०१३ च्या टोकियो प्रदर्शनातल्या कन्सेप्टमधून २०१५ साली रस्त्यावर आली. तिचा टप म्हणजे गुंडाळायचं कापड, आणि तो ठेवायला पुढच्या बॉनेटखाली एक खोका. टप ठेवला की सामानाला जागा उरली नाही म्हणून लोकांनी नावं ठेवली, आणि ती रास्त होती. पण निदान टप कुठे जातो याचं उत्तर होतं. त्या प्रकल्पाचा प्रमुख, र्यो मुकुमोतो, कंपनीअंतर्गत स्पर्धेत निवडला गेला तेव्हा २२ वर्षांचा होता.

आणि नियमांनी सगळं मारलं म्हणणाऱ्यांसाठी एक साधी तुलना. १९८९ ची एमएक्स-५ तिच्या सर्वांत हलक्या रूपात ९४० किलोची होती. २०१५ ची चौथी पिढी, मधल्या २६ वर्षांतले एअरबॅगपासून पादचाऱ्यांच्या सुरक्षेपर्यंतचे सगळे नियम पाळून, जपानमधल्या सर्वांत हलक्या आवृत्तीत ९९० किलो. लांबीने तर पहिलीपेक्षा काकणभर लहानच. अशक्य म्हणतात ते हेच का?

उघड्या गाडीचं मर्तिक याआधीही झालेलं आहे. अमेरिकेत छपराच्या मजबुतीचा नियम १९७३ मध्ये लागू झाला, त्यातून उघड्या गाड्या वगळलेल्या होत्या. तरी पुढे आणखी कडक काही येईल ही धास्ती, एसीचा प्रसार आणि घसरलेली विक्री यांनी मिळून एकेका कंपनीने त्या बंद केल्या. १९७६ मध्ये कॅडिलॅकने शेवटच्या दोनशे एल्डोराडो पांढऱ्या रंगात काढल्या, ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून. लोकांनी त्या ठेव म्हणून घेतल्या. १९८२ मध्ये क्रायस्लरने उघडी गाडी परत आणली, १९८४ मध्ये कॅडिलॅकनेही, तेव्हा ते ठेवीदार कोर्टात गेले! डोकं वाचवण्याचा प्रश्नही कुणीतरी बसून सोडवला: १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये धोका जाणवताच ०.३ सेकंदात उभी राहणारी कमान होती. छोट्या गाडीला एवढं महाग यंत्र परवडत नाही हे खरं. तिला साधी, उभीच असलेली कमान पुरते, आणि ती देखणी कशी करायची हे गान्दिनीने वीस वर्षं आधी दाखवलं होतं.

बॅटरीपुढे मात्र मी थोडा नरमतो. २००८ च्या टेस्ला रोडस्टरचा पाया एलिसचाच होता, पण तिची बॅटरीच सुमारे ४५० किलोची. एमजी सायबरस्टर २०२१ मध्ये कन्सेप्ट म्हणून आली आणि विकायला निघाली तेव्हा साडेचार मीटर लांब, अठराशे किलोंच्या वर भरली. ही लहान उघडी गाडी नव्हे. पण म्हणूनच तर कन्सेप्टची गरज आज जास्त आहे. दोन माणसांना मोकळ्या हवेत फिरवून आणणाऱ्या गाडीला किती मोठी बॅटरी खरोखर लागते? पाचशे किलोमीटरची पल्लेदारी तिच्याकडून कोण मागतंय? निम्म्या बॅटरीची, आठशे किलोंची, बॅटरीच्या पेटीलाच चासीचा कणा करणारी छोटी गाडी कुणी मांडून दाखवावी. ती न बनली तरी चालेल. आकडे मांडले की पुढचा माणूस तिथून सुरुवात करेल.

त्यासाठी चबुतऱ्यापेक्षा रस्ता बरा. एमएक्स-५ बनवायची की नाही हे ठरत असताना माझदाने १९८५ मध्ये फायबरग्लासच्या अंगाचा एक चालता नमुना कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या रस्त्यांवर उघड उघड फिरवला, लोक काय म्हणतात ते बघायला. ना दिवे, ना पडदा. त्या गाडीचे पुढे दहा लाख भाऊबंद झाले, २०१६ च्या एप्रिलपर्यंत.

आणि हार्ली अर्लची १९५१ ची ल साब्र. तीही उघडी, तीही कन्सेप्ट, तीही अर्ल स्वतः चालवायचा. तिच्या दोन सीटांच्या मध्ये पाण्याचा थेंब ओळखणारं एक यंत्र बसवलेलं होतं. गाडी उभी करून मालक कुठे गेला आणि पाऊस आला, तर टप आपोआप वर यायचा. पुढच्या प्रदर्शनात मी पाण्याची बाटली घेऊन जाणार आहे. सीटवर दोन थेंब टाकून बघू का, एवढंच विचारायचंय.